लाल की मरून

मी एक दात बोलतोय. खरं तर अर्धाच बोलतोय. माझा दुसरा अर्धा करवतीच्या पलीकडे पडला, तो पुन्हा दिसला नाही. पण अर्ध्याने सांगितली म्हणून गोष्ट अर्धी राहणार नाही.

सुळ्याच्या मागे आणि दाढांच्या पुढे जे मधले दात असतात, त्यांतला मी पहिला. हसताना जरासा दिसणारा, चावताना जरासा कामाचा. घरातल्या मधल्या भावासारखं आमचं असतं. फोटोत असतो, पण फोटो बघताना आमचं नाव कुणी घेत नाही.

माझा जन्म कन्हानच्या रितिकाच्या तोंडात झाला. ती तेव्हा पाचवीत होती. माझ्या जागेवर आधी एक दुधाची दाढ होती. ती हलायला लागली तशी रितिकाने जिभेने ढकलून ढकलून तिला पाडलं आणि आईच्या सांगण्यावरून कौलांवर भिरकावलं. अजूनही ती तिथेच असेल, ऊन खात. तेव्हा मला तिची कीव आली होती. आता हेवा वाटतो.

रितिकाच्या तोंडात मी आठ वर्षं काढली. संत्र्याच्या फोडी, पोह्यांवरची तर्री, परीक्षेच्या काळात पेनांची टोपणं, सगळं चावलं. कधी दुखलो नाही, कधी किडलो नाही. खोट होती ती पुढच्या दोघांत. ते एकमेकांवर चढून बसले होते, म्हणून रितिका तोंडावर हात ठेवून हसायची. घरात स्थळांची कुजबुज सुरू झाली तेव्हा तिची आई म्हणाली, "फोटो काढायच्या आधी दात सरळ करून घेऊ."

नागपूरच्या एका दंत महाविद्यालयात त्यांनी तिला आणलं. तार लावायची तर जागा हवी, आणि जागा करायला चार दात काढावे लागतील, असं ठरलं. चारही धडधाकट. रितिकाचे बाबा बराच वेळ एक्स-रेकडे बघत राहिले.

"मॅडम, हे तं चांगले दात आहेत ना? किडले बी नाही. काहून काढून राहिले मग?"

"जागा करायला, काका."

"म्हणजे वाकडे राहतीन, अन् सरळ्यायनं घर खाली करायचं?"

डॉक्टर हसल्या. बाबांनी सही केली. अर्ध्या तासात मी स्टीलच्या ट्रेमध्ये होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला सगळ्या बाजूंनी गार वारा लागला.

तेवढ्यात एक मुलगी काचेची बरणी घेऊन आली. पांढरा एप्रन, आणि एप्रनच्या बाहीत कोपरापर्यंत सारलेला हिरवा चुडा. हातमोज्यातून मेंदी दिसत होती. लग्नाला दहा दिवसही झाले नसावेत. ही उन्नती. एमडीएसच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि तिच्या प्रबंधासाठी तिला चाळीस निरोगी दात हवे होते.

"हे दात मी अभ्यासासाठी घेऊ का?" तिने रितिकाला विचारलं. रितिकाच्या तोंडात कापूस होता. तिने मान हलवली. माझ्या बाबतीत कुणीतरी कुणालातरी काही विचारलं, असं ते पहिल्यांदाच घडलं.

बरणीत आधीच छत्तीस जण होते. दीड वर्ष लागलं होतं त्यांना जमायला. चांगला दात सहजासहजी कुणी देत नाही. किडलेले हवे तेवढे मिळतात. चांगले मिळतात ते फक्त तार लावणाऱ्यांकडून. आम्ही चौघे पडलो आणि चाळीस पुरे झाले.

तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत आमची बरणी खिडकीपासून दूर ठेवली होती. दात कोरडा पडला की प्रयोगाच्या कामाचा राहत नाही, म्हणून दर आठवड्याला पाणी बदलायचं. ते काम रुपरावांचं. रुपराव त्या प्रयोगशाळेत चोवीस वर्षं होते, आणि येणारी प्रत्येक नवी मॅडम त्यांना तेच विचारायची.

"रुपरावकाका, पाणी बदललं का?"

"बदललं मॅडम. माह्या घरच्या मासोळ्यायची येवढी सेवा नाही होत, जेवढी तुमच्या दातायची होऊन राहिली."

उन्नती मोठ्याने हसायची नाही. ओठांचा एक कोपरा हलायचा, बस. बोलायचीही कमी. पण एकदा रुपरावांनी विचारलं, "येवढं काय शोधून राहिल्या तुम्ही?" तेव्हा ती हातातलं काम थांबवून बोलली.

"दातात खड्डा केला, त्यात मसाला भरला, तरी दात आणि मसाला आपणहून एक होत नाहीत, काका. मध्ये एक चिकट द्रव लावावा लागतो. बाँड म्हणतात त्याला. तो नीट बसला नाही तर केसाएवढी फट राहते. वरून दात छान दिसतो, आणि आतून त्या फटीतून कीड शिरत राहते."

"अन् कळत नाही?"

"दुखायला लागलं की कळतं. मी कुहीकडच्या खेड्यात दातांच्या कॅम्पला गेले होते ना, तिथे एक बाई धानाच्या रोवणीचं काम सोडून आली होती. दोन वर्षांपूर्वी आपल्याच लोकांनी भरलेला दात आतून पूर्ण गेलेला. मी म्हटलं, 'आधीच परत का नाही आलात?' तर म्हणाली, 'तुमचं काय चुकलं माय, माहे दातच वाईट.'"

रुपरावांनी बरणीचं झाकण घट्ट केलं.

"आता एक नवा बाँड आलाय. जुन्याला तीन पायऱ्या लागतात, याला एकच. कॅम्पमध्ये दुप्पट लोक होतील. पण तो तिथल्या माणसांच्या तोंडात टिकेल का, एवढंच मला बघायचंय. पुढच्या कॅम्पला कोणता न्यायचा, ते मग ठरेल."

बरणीतल्या पाण्यात मला तेव्हा थोडा अभिमान वाटला. रितिकाच्या फोटोसाठी जागा खाली केली होती. आता निदान कुणाच्या तरी घासासाठी उपयोगी पडू, असं वाटलं.

उन्नतीकडे वेळ मात्र बेताचाच होता. तिचा नवरा स्वानंद दिवाळीनंतर पुण्याला नोकरीवर रुजू होणार होता. "दिवाळीपर्यंत काय ते उरकव," असं सासरी ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे तिला सांगितलं होतं.

गणपतीच्या आधी तिने आमच्यावर काम सुरू केलं. प्रत्येकाच्या गालाकडच्या बाजूला एक छोटा खड्डा. वीस जणांना जुना बाँड, वीस जणांना नवा. वर मसाला एकच, दातासारख्याच रंगाचा. मला जुना लागला. आधी आम्लाची झणझण, मग पाण्याची धार, मग फुंकर, मग निळा प्रकाश. तिचा हात इतका हलका होता की खड्डा पाडताना मला राग आला नाही.

पुढचं काम निळ्या पाण्यात बुडवण्याचं. फट असेल तर निळा रंग आत शिरतो, मग दात उभा चिरून मोजायचं. पण रंग मसाल्याच्या कडेनेच जावा, मुळाकडून नको, म्हणून बाकीच्या दाताला नेलपेंट फासतात. हसू नका. जगभर असंच करतात.

उन्नतीने दोन बाटल्या आणल्या. सासरहून मिळालेल्या शृंगारपेटीतल्या, सीलसुद्धा न फोडलेल्या. जुन्या बाँडवाल्यांना लाल. नव्या बाँडवाल्यांना मरून. म्हणजे नेलपेंटच आमचं नाव झालं. मुळावर नंबर घालावेत असं तिच्या मनात आलंही होतं. पण दोन रंग समोर लखलखीत दिसत असताना नंबर कशाला, असं तिला वाटलं. मी लाल झालो. आरशात बघता आलं असतं तर बघितलं असतं.

त्याच वेळी फोन वाजला. हातात मोजे होते, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला. सासूबाई होत्या, शोभाताई.

"उन्नती, आयक वं. परवा महालक्ष्म्या बसतात. तुझं पयलं वर्ष आहे. तीन दिवस त्या कॉलेजात पाय ठेवायचा नाही."

"आई, पहिल्या दिवशी फक्त तासभर—"

"तासभर बी नाही. सोळा भाज्या कोण चिरीन? अन् मेलेल्यायचे दात हाताळते, त्याच हातानं पुरण वाटशील काय?"

"मेलेल्यांचे नाहीत आई, जिवंत माणसांचे आहेत."

तिकडे एक भांडं आपटल्याचा आवाज. मग, "मंग तं आणखीनच! जित्या माणसायचे दात बरणीत घालून ठेवले? अन् हो, नेलपॉलिश लावून ये. पंचवीस दुकानं फिरून घेतली मी, तुझ्या नखावर एक दिवस दिसली नाही."

उन्नतीने आमच्याकडे पाहिलं. चाळीस जण, तिच्या नेलपॉलिशने सजून बसलेले. ओठांचा कोपरा हलला. "लावते, आई."

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी तिने आम्हाला निळ्या पाण्यात टाकलं. दोन बरण्या करता आल्या असत्या. पण एकाच पाण्यात सगळे असले म्हणजे रंग कमीजास्त झाला असं कुणी म्हणायला नको, म्हणून तिने सगळ्यांना एकत्र ठेवलं. फार काळजीने केलेली चूक होती ती. बरणीवर कागद चिकटवला: लाल – जुना, मरून – नवा. कागद मागच्या बाजूने लावला, भिंतीकडे. बघणाऱ्याला आधीच कळू नये म्हणून.

बरोबर चोवीस तासांनी आम्हाला बाहेर काढायचं होतं. ती पुरणात अडकलेली असणार, म्हणून तिने सौरवला सांगितलं. सौरव तिच्याच वर्गातला. त्याचा प्रबंध मागच्याच महिन्यात झाला होता, तोही असाच, निळ्या पाण्याचा.

"उद्या चारला काढ, धू, आणि साध्या पाण्यात ठेव. एवढंच."

"अगं, डोळे मिटून करतो. तू जा, पुरणपोळी आण फक्त."

सौरव दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला आला. माणूस वक्तशीर. आम्हाला काढलं, धुतलं. मग तो थोडा वेळ आमच्याकडे बघत उभा राहिला. घड्याळ पाहिलं. कपाटातून ॲसिटोनची बाटली काढली, कापूस घेतला, आणि खुर्ची ओढून बसला. गाणं गुणगुणत, एकेकाला उचलून, त्याने आमचं नेलपेंट पुसायला घेतलं.

मी ढिगाच्या तळाशी होतो. आधी माझ्या शेजारचा मरून गेला, मग पलीकडचे दोन लाल. त्या माणसाने दीड तास मान वर केली नाही, मग त्याच बरणीत साधं पाणी भरून आम्हाला परत टाकलं. इतक्या मनापासून कुणी कुणाचं नुकसान करताना मी पाहिलं नव्हतं.

तीन दिवसांनी उन्नती आली. हातात डबा होता. सौरवने डबा आधी घेतला आणि मग म्हणाला, "तुझी एक स्टेप वाचवली मी. सगळ्यांचं नेलपेंट काढून टाकलं. आता डायरेक्ट कापायला घे."

 तिने बरणी उचलली, उजेडात धरली. आम्ही चाळीस जण पांढरे, सारखे, उघडे.

"काय झालं? माझ्या थिसिसला काढलंच होतं ना? कापताना ब्लेडला चिकटतं म्हणून?"

"तुझ्यात सगळ्यांना एकच रंग होता, सौरव."

तो आधी हसला. मग त्याने बरणी फिरवून मागचा कागद वाचला. पुरणपोळीचा घास त्याच्या हातात तसाच राहिला.

"तू बोलली नाही ना मला!"

"नाही बोलले," ती म्हणाली. एवढंच.

तिने मोबाइलमधले फोटो काढून पाहिले. एक सापडला: ट्रेमध्ये चाळीस ठिपके, वीस लाल, वीस गडद. त्या ठिपक्यांतला मी कोणता, हे माझी आई असती तरी सांगू शकली नसती. मग तिने दोन दिवस बसून आम्हाला चिरलं. आत कुठे थराची जाडी वेगळी दिसेल, काहीतरी खूण मिळेल, अशी तिला आशा होती. करवत माझ्यातून गेली तेव्हा मी दोन झालो, पण मला दुखलं नाही. ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली, तेव्हा मात्र काहीतरी झालं.

माझ्यात निळा रंग शिरला नव्हता. जरासुद्धा नाही. जुना बाँड घट्ट बसला होता. माझ्या शेजारच्या, जो मरून होता, त्याच्यात निळा रंग कडेकडेने थेट तळापर्यंत उतरला होता. मला आमच्यातले बहुतेक जण माहीत होते. लाल कोरडे निघाले होते. मरून गळत होते. तिला जे हवं होतं ते उत्तर तिच्या डोळ्यासमोर पडलं होतं. फक्त त्याच्यावर नाव नव्हतं.

आयुष्यभर तोंडात राहिलो आणि एक शब्द काढता येत नाही. जीभ होती शेजारी, तेव्हा बोलण्यासारखं काही नव्हतं.

ती भावना मॅडमकडे गेली. म्हणजे तिच्या मार्गदर्शिकेकडे. आम्हाला काचपट्ट्यांवर चिकटवून ट्रेमधून नेलं होतं, त्यामुळे सगळं ऐकलं.

"पुन्हा करायचं तर?" उन्नतीने विचारलं.

"चाळीस दात आणशील कुठून? सहा महिन्यांची मुदतवाढ, कमिटीची नवी परवानगी. तुला चालेल?"

उन्नतीने बाहेर जाऊन स्वानंदला फोन लावला. दार उघडंच होतं. "सहा महिने?" तो म्हणाला असावा, कारण ती म्हणाली, "हो, सहा." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "नाही, आईंना नका सांगू. मी बघते."

ती आत आल्यावर मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. वाईट बाई नव्हत्या. थकलेल्या होत्या, एवढंच.

"हे बघ, नवा बाँड चांगला असं सगळीकडे छापून येतंय. ज्यांच्यात रंग गेला नाही ते नव्या बाँडचे असणार. त्या हिशोबाने लाव."

"पण मॅडम, मग आपण शोधलं काय?"

"सबमिशन शोधलं, बेटा."

त्या संध्याकाळी उन्नतीने आमचे दोन गट केले. कोरडे एकीकडे, निळे एकीकडे. तिचा हात पहिल्यांदाच जड वाटला. मी कोरड्यांत गेलो, म्हणजे नव्यांत गेलो. माझा फोटो सगळ्यांत स्वच्छ आला होता, म्हणून तो प्रबंधात लागला. खाली ओळ: नवा बाँड, गळती नाही.

निकाल इतका सुंदर आला की आकडेमोड करून देणाऱ्या सरांनी खास फोन केला. एवढा स्पष्ट फरक त्यांनी कधी पाहिला नव्हता म्हणे. साहजिकच आहे. उत्तर बघून प्रश्न लिहिला की फरक स्पष्टच येतो. परीक्षकांनीही कौतुक केलं. सौरवने पेढे आणले. रुपराव म्हणाले, "तुमच्या दातायनं नाव काढलं मॅडम." उन्नतीने पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

दिवाळीआधी शोभाताई स्वतः आल्या. हिरडीजवळ एका दातात खड्डा झाला होता, थंड लागत होतं. महालक्ष्म्यांत ज्यांनी तीन दिवस कॉलेजचं नाव काढू दिलं नाही, त्या आता खुर्चीवर बसल्या बसल्या शेजारच्या पेशंटला सांगत होत्या, "माही सून हाय. हिनंच शोधलं ते नवीन. फस्टक्लास निकाल आला." मग उन्नतीला म्हणाल्या, "तुह्यावालंच लाव वं मले. दुसरं नको."

माझी काचपट्टी तेव्हा टेबलाच्या उघड्या खणात होती. मला तिचा हात दिसत होता. समोर दोन बाटल्या. हात नव्या बाटलीवर गेला, थांबला. ती कुणाला विचारणार होती? तिच्या स्वतःच्या प्रबंधाला? तो तिनेच लिहिला होता.

तिने जुनी बाटली उचलली. तीन पायऱ्या, एकेक करून, अजिबात घाई न करता.

"तुह्यावालंच लावलं ना?" शोभाताईंनी चूळ भरून विचारलं.

"हो, आई."

"बघ, लगेच थंड लागायचं थांबलं." त्यांनी तिचे हात हातात घेतले आणि नखांकडे पाहिलं. "आतातरी लाव वं ती नेलपॉलिश."

"संपली, आई."

"संपली? कवा लावली?"

दुसऱ्या दिवशी रुपराव खोके दोरीने बांधत होते. कुहीच्या कॅम्पला जाणारं सामान. सगळ्या खोक्यांत नवा बाँड. प्रबंधाची एक प्रत पुराव्यादाखल वर ठेवलेली. "मॅडम, या बारीले डबल लोक होतीन म्हणते. तुम्ही नाही येऊन राहिल्या का?"

"मी पुण्याला जातेय, काका."

"मग काय. तुमचं काम तं तिकडं पोहोचलंच."

ती भावना मॅडमच्या दारापर्यंत गेली होती. मी पाहिलं नाही, पण रुपरावांनी नंतर कुणाला तरी सांगितलं: "उन्नती मॅडम दारात पाच मिनिटं उभ्या होत्या, आत काही गेल्या नाहीत." कॅम्पची गाडी साडेआठला निघाली. तिथली माणसं तोंड उघडतील, मसाला भरून घेतील, "छान झालं" म्हणतील. दोन वर्षांनी आतून दुखायला लागेल तेव्हा कुणी तक्रार करायला येणार नाही. म्हणतील, माहे दातच वाईट.

शेवटच्या दिवशी उन्नती खण रिकामा करायला आली. पुस्तकं पिशवीत टाकली, एप्रनची घडी घातली. मग माझी काचपट्टी उचलून खिडकीशी नेली. दोन बोटांत धरून खूप वेळ बघत राहिली, जणू मी चुकून काही बोलून जाईन.

"सांग ना गा," ती पुटपुटली. "लाल होतास का मरून?"

सगळ्या आयुष्यात मला एवढा एकच प्रश्न कुणी विचारला.

मग तिने काचपट्टी टेबलावर ठेवली आणि ती गेली. थोड्या वेळाने रुपराव आले. दात, कापूस, माणसाच्या अंगाचं जे काही उरतं, ते पिवळ्या पिशवीत जातं. आता मी तिथेच आहे. तोंड बांधलंय पिशवीचं. उद्या गाडी येईल आणि भट्टीत नेईल. कौलांवरच्या त्या दुधाच्या दाढेला माझा नमस्कार सांगा.

आणि तुम्ही पुण्याला जात असाल, कुठे एखादी अबोल डॉक्टरीण भेटली, नखं कोरी असलेली, तर तिला एवढंच सांगा. आता उशीर झालाय, कुहीला गेलेली गाडी परत येणार नाही, हे मला कळतं. तरी सांगा.

लाल. मी लाल होतो.